गिरणीत घर: अँकोट्समध्ये जमलं ते परळमध्ये का जमलं नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचेवाले होते. मी गेली चार वर्षं मँचेस्टरच्या अँकोट्स भागात भाड्याने राहतो आणि माझा फ्लॅट एका जुन्या सूतगिरणीत आहे. विटांच्या भिंती, बिडाचे खांब, सगळं जागच्या जागी ठेवलंय. मग मुंबईच्या गिरण्यांची अशी घरं का झाली नाहीत? इमारती टिकण्यासारख्या नव्हत्या, की कुणाला करायचंच नव्हतं? आणि आता जे काही उरलंय त्याचं होऊ शकेल का?"

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. जुन्या दगडी-विटांच्या इमारतींची दुरुस्ती हेच माझं तीसेक वर्षांचं काम, आणि त्यात गिरण्यांच्या शेडही आल्या. आधी सरळ उत्तर देतो: इमारती टिकण्यासारख्या होत्या. घर करण्यासारख्या मात्र सगळ्या नव्हत्या. आणि ज्या होत्या त्या पडल्या त्यांच्या पायाखालच्या जमिनीच्या भावामुळे. तुमची अँकोट्समधली गिरणी वाचली, कारण बरीच वर्षं तिथल्या जमिनीला कुणी विचारत नव्हतं.

आता सविस्तर.

गिरणी म्हणजे एक इमारत नव्हे. कंपाउंडच्या आत कापसाची गोदामं, सूतकताईचे माळ्याचे ब्लॉक, विणकामाची बैठी शेड, बॉयलर, चिमणी, पाण्याचा तलाव, ऑफिस असा सगळा पसारा असतो. तुमचे आजोबा साचाखात्यात, म्हणजे मागांवर विणकामाला होते, म्हणजे बहुधा बैठ्या शेडमध्ये. धोटा इकडून तिकडे आपटत असतो, शेकडो साचे एका तालात हादरे देतात, म्हणून साचे शक्यतो जमिनीवर बसवायचे. शेड पसरट, कधीकधी शंभर-दीडशे मीटरपर्यंत, आणि उजेड वरून. करवतीच्या दात्यांसारखं छप्पर, प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची आणि उत्तरेकडे तोंड. आम्ही त्याला नॉर्थ लाइट म्हणतो. ऊन थेट आत येत नाही, सुताचा रंग नीट दिसतो, धागा तुटला तर लगेच कळतं.

ही कल्पना लँकेशायरहून आली आणि मुंबईत तिला एक गंमतशीर अपवाद आहे. मुंबई एकोणीस अंशांवर. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो. म्हणजे उत्तरेची काच तेवढे दिवस ऊन आत घेते. त्यातले बरेच दिवस आभाळ भरलेलं असतं म्हणून निभावतं, पण मेचा शेवटचा पंधरवडा त्या शेडमध्ये काढलेल्यांना विचारा.

अशा शेडचं घर करायचं तर मध्यभागी बसणाऱ्या फ्लॅटला खिडकी कुठून द्यायची? आपली राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते की खिडकीपासून साडेसात मीटरपलीकडचा खोलीचा भाग उजेडाचा धरायचा नाही. दोन्ही बाजूंनी खिडक्या असल्या तरी पंधरा मीटर झाले की संपलं. शंभर मीटर पसरलेल्या शेडमध्ये घरं बसवायची म्हणजे छप्पर जागोजाग कापून चौक काढावे लागतात, आणि इतके चौक काढल्यावर शेड उरतच नाही. विणकामाच्या शेडमध्ये बाजार होतो, स्टुडिओ होतो, शाळाही होईल. घर ओढूनताणून होतं.

सूतकताईचा माळ्याचा ब्लॉक ही वेगळी चीज. तिथे उजेड बाजूच्या खिडक्यांतून घ्यायचा, म्हणून रुंदीला मर्यादा. मँचेस्टरच्या सुरुवातीच्या गिरण्या साधारण चाळीस-पंचेचाळीस फूट रुंद, कारण तेव्हा दिवसाच्या उजेडावर आणि तेलाच्या दिव्यांवरच भागवायचं होतं. अँकोट्समधल्या मरे बंधूंच्या गिरणीची जुनी इमारत १७९८ ची आहे. वाफेवर चालणाऱ्या गिरण्यांपैकी त्या शहरात उभी असलेली ही सगळ्यात जुनी. चाळीस फूट रुंदी म्हणजे मधे बोळ आणि दोन्ही बाजूंना एक-एक खोली खोल फ्लॅट: जणू घरांसाठीच बांधली होती. पुढे यंत्रं लांब झाली, गॅसचे दिवे आले, मग वीज आली, आणि गिरण्या शंभर फुटांच्या वर रुंद झाल्या. मुंबईत पहिली गिरणी कावसजी नानाभाई दावर यांची, ताडदेवला. कंपनी १८५४ ची आणि उत्पादन १८५६ पासून. म्हणजे आपल्याकडे हा धंदा आला तोच अर्धशतक उशिरा, रुंद इमारतींच्या काळात. अरुंद गिरणी आपल्या वाट्याला फारशी आलीच नाही. पण रुंद ब्लॉकलाही उपाय आहे.

तो उपाय एका काल्पनिक ब्लॉकवर मांडून दाखवतो. समजा इमारत १०० फूट रुंद, २०० फूट लांब, तीन मजली, मजल्याची उंची पंधरा फूट. एका मजल्याचं क्षेत्र २०,००० चौरस फूट. बरोबर मध्यातून २४ फूट रुंद आणि १५० फूट लांब चौक आरपार कापायचा, म्हणजे मजल्यामागे ३,६०० फूट गेले. दोन्ही बाजूंना ३८-३८ फुटांच्या पट्ट्या उरल्या. चौकाच्या कडेने सहा फुटांची उघडी गॅलरी सोडली की घराला ३२ फूट खोली मिळते, म्हणजे पावणेदहा मीटर, एका टोकाला जुनी मोठी खिडकी आणि दुसऱ्या टोकाला गॅलरीची. वीस फूट रुंदीचं एक घर धरलं तर बाजूला दहा, दोन्ही बाजूंना वीस. जिने आणि लिफ्टसाठी चार वगळली तर मजल्यामागे सोळा घरं, तीन मजल्यांत अठ्ठेचाळीस. प्रत्येक ६४० फुटांचं. पंधरा फूट उंचीत पोटमाळा आरामात बसतो. रुंदी दहा फूट केली तर घरं दुप्पट.

हा नकाशा मी पहिल्यांदा काढला तेव्हा शेजारी बसलेला ड्राफ्ट्समन म्हणाला, "सर, ही तर चाळच झाली." खरंच होती. चौक, गॅलरी, ओळीने दारं. शिवाय आगीच्या दृष्टीने उघडी गॅलरी बंद बोळापेक्षा केव्हाही चांगली, कारण धूर कोंडत नाही. व्हिएन्नामध्ये गॅसच्या चार प्रचंड टाक्या आहेत, १८९९ मध्ये पुऱ्या झालेल्या, बाहेरून विटांच्या गोल भिंती. २००१ पर्यंत त्यांची घरं झाली. चार टाक्या चार वास्तुविशारदांना दिल्या, त्यातली एक जाँ नूव्हेल यांना. तिथेही बहुतेक टाक्यांत मुख्य युक्ती हीच: पोटात चौक सोडायचा आणि घरं त्याच्याभोवती. बाहेरच्या भिंतीचं जेवढं कौतुक होतं तेवढं आतल्या पोकळीचं होत नाही, पण खरं काम ती पोकळी करते.

टिकाऊपणाचं म्हणाल तर वजन हा प्रश्नच नव्हता. घराच्या मजल्यावर आपण चौरस मीटरला दोनशे किलो चल भार धरतो. गिरणीचे मजले याच्या दुप्पट-चौपट ओझं वर्षानुवर्षं पेलत होते, तेही थरथरणारं. खरी दुखणी तीन: पाणी, बीड आणि तेल.

पाण्याचं आधी. जुनी इमारत तिच्या मध्यभागी सडत नाही, कडेला सडते. सागाची तुळई पन्हाळीखाली जिथे भिंतीत घुसते, तिथलं टोक बघायचं. एका बंद गिरणीत मी चाकू घेऊन वरच्या मजल्यावर फिरलो होतो. तुळईच्या पोटात पातं दोन मिलिमीटरही जाईना, शंभर वर्षांचा साग घंटेसारखा वाजत होता. भिंतीपाशी तेच पातं मुठीपर्यंत आत गेलं आणि बाहेर ओली तपकीर आली. कारण काय, तर वरच्या दोन उतारांमधली पन्हळ तीन पावसाळे कुणी साफ केली नव्हती. चोवीस तुळया, त्यातल्या सात टोकांना गेलेल्या. तेवढी टोकं कापून पोलादी बूट बसवायचे, विषय संपला. पण ते वेळेत करावं लागतं.

दुसरं पाणी आतलं. इंग्लंड-अमेरिकेतल्या माणसाला हे पटकन कळत नाही. आपण बादलीने अंघोळ करतो, मोरीत भांडी घासतो, फरशी धुतो. म्हणजे उतार हवा, फुटभर खाली उतरवलेला ('संकन') स्लॅब हवा, खाली वॉटरप्रूफिंग हवं. लाकडी पाटाईवर किंवा गर्डरांमधल्या विटांच्या बुटक्या कमानींवर हे थेट करायला गेलात तर पाच वर्षांत खालच्या घराच्या छतावर नकाशे उमटतात. त्यामुळे ओल्या जागा सगळ्या एका ओळीत, एकावर एक, आणि त्यांच्यासाठी जुन्या मजल्यापासून सुटा असा आरसीसीचा मनोरा. खर्च वाढतो, पण याला पर्याय मला सापडलेला नाही.

बिडाचे खांब दिसायला सुंदर. बीड दाबाला वाघ आणि ताणाला शेळी. उभं ओझं कितीही द्या. बाजूने धक्का दिला तर सूचना न देता तुटतं. त्याला वेल्डिंग धड लागत नाही, आणि आगीत तापलेल्या खांबावर बंबाचं थंड पाणी पडलं तर तो तडकतो. मँचेस्टरमध्ये भूकंपाची चिंता कुणी करत नाही. मुंबई मध्यम धोक्याच्या पट्ट्यात येते, म्हणून इथे खांब ठेवायचे तर त्यांच्याकडे फक्त उभं वजन सोपवायचं आणि आडवा धक्का घ्यायला नव्या भिंती किंवा पोलादी सांगाडा घालायचा. वर मनोरा म्हणालो ना, तोच हे कामही करतो. खांबांना आगीत फुगणारा रंग. हे सगळं जमणारं आहे आणि आम्ही इतर इमारतींत केलेलंही आहे.

तेलाचं मात्र हसू नका. त्याच गिरणीत एक वॉचमन होते, पूर्वी तिथेच त्रासन खात्यात, म्हणजे सूतकताईला होते. मी पाय टाकणार तेवढ्यात म्हणाले, "तिथं नको साहेब, तिथं तेल हाय." गिरणी बंद पडून वीस वर्षं झाली होती! यंत्रांचं तेल पाटाईत इतकं मुरलेलं की फळ्या डांबरासारख्या काळ्या. आम्ही तीन बाय तीन फुटांचा तुकडा घासून पांढरा करून बघितला. पंधरा दिवसांनी तो पुन्हा काळवंडला, खालचं तेल उन्हाळ्यात वर आलं. अशा फळीला किडा लागत नाही हे खरं, पण ती पेटते छान, आणि तिच्यावर झोपायच्या खोलीत वास येतो. रंगखात्याची जमीन आणि बॉयलरच्या नळांवरचं ॲस्बेस्टॉसचं वेष्टण ही त्याहून मोठी डोकेदुखी. मुलं जिथे रांगणार तिथे दुकानाचा निकष चालत नाही, माती तपासावीच लागते.

माझीही एक चूक सांगून टाकतो. नवखा होतो तेव्हा एका गोदामाच्या चुन्यात बांधलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून दिला. मजबूत व्हावी म्हणून! दुसऱ्या पावसाळ्यात तो पापडासारखा सुटला आणि आतल्या विटांची भुकटी होऊ लागली. चुन्याची भिंत श्वास घेते, ओल घेते आणि सोडते. सिमेंटने मी तिचं नाक दाबलं होतं. तेव्हापासून चुन्याच्या घाण्यात मळलेला चुना मिळेल तेवढाच गिलावा, नाहीतर भिंत उघडी.

तर बांधकामाच्या बाजूने सूतकताईचे ब्लॉक, गोदामं आणि ऑफिसच्या इमारतींची घरं करता आली असती. मग झाली का नाहीत?

आधी तुमच्याकडचं बघा. लँकेशायरचा कापडधंदा विसाव्या शतकात हळूहळू खंगत गेला. १९५९ मध्ये तर सरकारने कायदा करून जुनी यंत्रं मोडीत काढण्यासाठी मालकांना पैसे दिले. गिरण्या रिकाम्या झाल्या आणि कुणी गोदाम केलं, कुणी छोटे कारखाने, बऱ्याच नुसत्या उभ्या राहिल्या. अँकोट्स १९८९ मध्ये संरक्षित क्षेत्र झालं, तेव्हा तिथे राहायला जाणं म्हणजे शिक्षा वाटावी अशी अवस्था होती. पाडायलाही पैसे लागतात, आणि पाडून नवं काय बांधायचं तर त्याला गिऱ्हाईक नाही. मरे गिरणीची डागडुजी २००४ ते २००६ मध्ये लॉटरीच्या निधीतून मिळालेल्या सार्वजनिक पैशाने झाली: छप्पर, भिंती, खिडक्या, नुसतं कवच. पुढे मंदी आली. घरं झाली ती त्यानंतर दहाएक वर्षांनी, मँचेस्टर महापालिका आणि अबू धाबीच्या गुंतवणूकदारांच्या भागीदारीतून. क्रम लक्षात घ्या: आधी पडीक पन्नास वर्षं, मग सरकारी पैशातून कवच, आणि जोखीम संपल्यावर खासगी पैसा.

अमेरिकेतही चित्र तसंच. मॅसॅच्युसेट्समधलं लोवेल हे सूतगिरण्यांचं गाव. १९७८ मध्ये तिथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान जाहीर झालं आणि गिरण्यांत संग्रहालयाशेजारी घरं आली. तिथली खरी चावी म्हणजे करसवलत. ऐतिहासिक इमारतीची नियमानुसार दुरुस्ती केली तर खर्चाच्या २० टक्के रक्कम केंद्रीय करातून वजा होते. अट अशी की इमारत उत्पन्न देणारी हवी. म्हणून तिकडच्या गिरण्यांतली घरं बहुतेक भाड्याची असतात. न्यूयॉर्कच्या सोहोमध्ये तर उलटीच गंगा: रिकाम्या कारखान्यांत चित्रकार बेकायदा राहायला गेले आणि कायदा त्यांच्या मागून आला. आधी १९७१ ची परवानगी, मग १९८२ चा लॉफ्ट कायदा. तेच १९८२ साल, ज्याच्या १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली आपल्याकडे संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार गेटबाहेर पडले.

इथेच माझा तुमच्या प्रश्नातल्या एका गृहीताला आक्षेप आहे. आपल्या गिरण्या ओसाड कधी पडल्याच नाहीत. यंत्रं थांबली, पण आत कामगारांची देणी अडकलेली, बँकांची कर्जं अडकलेली, गेटवर युनियनचा फलक, आणि बाहेर जमिनीचा भाव दर वर्षी चढता. दक्षिण मुंबईपासून वीस मिनिटांवर, दोन रेल्वेमार्गांच्या मधोमध साधारण सहाशे एकर जमीन! पडीक राहण्याची चैन तिला परवडणारी नव्हती.

कायदा काय म्हणत होता तेही सांगतो, कारण इमारतींचं भवितव्य तिथेच ठरलं. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ प्रमाणे गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळ मानाने तीन वाटे: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. इमारती पाडून मोकळी होणारी जमीनही त्यात धरायची. मालकांना हे नको होतं, म्हणून फारसं कुणी पुढे आलं नाही. जुन्या बांधकामातच वापर बदलून दुकानं, ऑफिसं थाटणं हा सोपा रस्ता होता आणि तो अनेकांनी धरला. फिनिक्स, कमला ही नावं तुम्हाला ठाऊक असतील. म्हणजे जुनी शेड वापरात आणण्याचं काम मुंबईत झालं, पण घरांसाठी नाही. शंभर फूट खोल मजला एसी लावून ऑफिसला चालतो, भाडं जास्त देतो आणि चौक मागत नाही. आणि असा वापर बदलताना सुटकेचे मार्ग, वाट, पाणी यांचा विचार झाला नाही तर काय होतं ते कमला मिलच्या आवारात २८ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत दिसलं. चौदा माणसं गेली.

१९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरियांच्या समितीने सगळ्या जमिनींचा एकत्र आराखडा करा असं सुचवलं. ते कागदावर राहिलं. मग २००१ मध्ये नियम बदलला: वाटे फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीचे. इमारतींनी व्यापलेली जमीन वाटणीतून बाहेर. गिरणीच्या कंपाउंडात मोकळं असं असतंच किती? ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने हा अर्थ मान्य केला नाही, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. मोकळ्या जागा आणि म्हाडाची घरं यांचं नुकसान किती झालं याची चर्चा खूप झाली, व्हायलाच हवी होती. माझ्या धंद्याच्या बाजूने बघितलं तर परिणाम साधा होता: शेड पाडली की तिच्याखालची जमीन वाटणीविना मालकाची. त्या दिवसापासून शेड म्हणजे राडारोडा.

आता वरच्या नकाशाकडे परत या. चौक कापताना तीन मजल्यांत मिळून १०,८०० चौरस फूट गेले होते. परळला फुटाला तीस हजार रुपये धरा: ३२ कोटी रुपये हवेत सोडले. शिवाय तीन मजल्यांवर चौथा चढवायचा नाही, म्हणजे उरलेला एफएसआय (जमिनीच्या प्रमाणात जेवढं बांधायची परवानगी असते तो) वाया. २००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने मुंबई टेक्सटाइल मिलची सुमारे सतरा एकर जमीन ७०२ कोटींना विकली. २०१२ मध्ये तीच जमीन २,७२७ कोटींना पुन्हा विकली गेली. इतक्या भावाच्या जमिनीवर उभ्या असलेल्या तीन मजली दगडी इमारतीची किंमत शून्य नव्हे, उणे असते. ती हटवायचा खर्च वजा करायचा. अशा ठिकाणी मी चाकू घेऊन "साग उत्तम आहे" सांगायला गेलो, तर समोरचा चहा पाजून वाटेला लावणार.

तसंच एकदा झालं. एका मालकाने खरंच विचारलं होतं, सूतकताईचा ब्लॉक ठेवून घरं होतील का म्हणून. वरच्या नकाशाची कल्पना त्यातूनच आली. आम्ही अहवाल दिला, बैठका झाल्या, एका खात्याने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने पहिल्याचं पत्र मागितलं. पहिल्या पावसाळ्याआधी पन्हळीचं शिसं चोरीला गेलं. दुसऱ्याआधी छपराचे पत्रे "सुरक्षेसाठी" उतरवले गेले. तिसऱ्या पावसाळ्यात मधला मजला बसला आणि इमारत धोकादायक असल्याची नोटीस लागली. नोटीस खोटी नव्हती. मी स्वतः जाऊन बघितलं, आत उभं राहण्यासारखं नव्हतं. इमारत न पाडता पाडायची असेल तर हातोडा लागत नाही, एक पन्हळ पुरते.

राहायला कोण आलं हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण आजोबांचा उल्लेख केलात म्हणून बोलतो. म्हाडाच्या वाट्याच्या जमिनींवर कामगारांसाठी नवे टॉवर झाले. २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरं निघाली, प्रत्येकी २२५ चौरस फुटांची. अर्ज दीड लाखाच्या घरात होते. जुन्या ब्लॉकमध्ये घरं झाली असती तर ती कामगारांना मिळाली असती, अशा भ्रमात राहू नये. अँकोट्समध्येही तेच आहे. तिथल्या महापालिकेने भागीदारीत जमिनी फार स्वस्तात दिल्या आणि परवडणारी घरं पदरात पाडून घेतली नाहीत, अशी टीका शेफिल्ड विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०२२ मध्ये केली आहे. तुमचं भाडं बघून तुम्हाला अंदाज असेलच. वीट वाचवणं आणि माणूस वाचवणं या दोन वेगळ्या तरतुदी आहेत. पहिली केली की दुसरी आपोआप होत नाही. माझ्या ओळखीतले काही संवर्धनवाले हे मान्य करत नाहीत. त्यांच्याशी माझं भांडण जुनं आहे.

उरलेल्यांचं काय? काळाचौकीला इंडिया युनायटेडच्या जागेवर महापालिकेचं वस्त्रोद्योग संग्रहालय ठरलं आहे. तिथे घरांचा विषय नाही आणि नसावा. इतरत्र चिमण्या, एखादी भिंत, एखादं गेट उरलंय. चिमणीत कुणी राहत नाही. मुंबईत घरांसाठी गिरणी वाचवायची वेळ गेली असं माझं मत आहे. जिथे जमीन अजून इमारतीपेक्षा स्वस्त आहे अशा लहान शहरांत मात्र गोदामं, जिनिंगचे कारखाने, जुने छापखाने उभे आहेत. तिथून कुणी विचारलं तर मी तीनच गोष्टी आधी करायला सांगतो: रुंदी मोजा, पन्हळ साफ करा आणि पाडल्यावर किती एफएसआय मिळतो ते नियमावलीत बघा. तिसऱ्याचा आकडा आत्ताच्या बांधकामापेक्षा फार मोठा असेल तर माझी फी वाया घालवू नका. त्या जादा एफएसआयचा टीडीआर (दुसऱ्या जागी नेता येणारा बांधकामाचा हक्क) करून दुसरीकडे वापरायची परवानगी मिळत असेल तर फोन करा.

शेवटी तुमच्या फ्लॅटबद्दल. भाडेकरू आहात, त्यामुळे खिडक्या एकेरी काचेच्या असतील तर थंडीत कुरकुर करण्यापलीकडे फार काही हातात नाही. संरक्षित इमारतीत त्या बदलायला परवानगी लागते. खांबाला खिळा किंवा ड्रिल लावू नका, कारण बीड भोकापासून तडकतं. आणि खांबाचं वरचं टोक नीट बघा. तिथे एका बाजूला घासून सपाट केलेली पट्टी आणि चार बोल्टची भोकं दिसली, तर ती शाफ्टची बैठक. छताखालून लांबच लांब शाफ्ट फिरायचा आणि त्यावरून खालच्या प्रत्येक यंत्राला चामड्याचा पट्टा यायचा. मुंबईतल्या जुन्या खांबांवरही अशा बैठका मी पाहिल्या आहेत. भोकांमधलं अंतर मोजून फोटोबरोबर पाठवा, माझ्या वहीत दोन-तीन गिरण्यांची मापं आहेत.